आधी खुर्ची, मग संगणक

“डॉक्टर, मुलाला गेमची चित्रे काढायची आहेत. कोणता लॅपटॉप घेऊ?” हा प्रश्न एम.बी.बी.एस.च्या कोणत्याही तोंडी परीक्षेत मला कोणी विचारला नव्हता. पण गेल्या दोन-तीन वर्षांत तो दवाखान्यात इतक्या वेळा आला, की एकदा त्याचे उत्तर सविस्तर लिहून टाकावे असे वाटले. संगणकाच्या दुकानदाराला विचारायचे सोडून लोक हे डॉक्टरला का विचारतात, असे कोणी म्हणेल. कारण साधे आहे. दुकानदाराकडे ते जाऊन आलेलेच असतात, त्याने दिलेले कोटेशन खिशात असते. माझ्याकडे ते येतात ते मुलाची मान, मनगट नाहीतर डोळे दाखवायला. मग फी देताना तो कागद बाहेर निघतो.

ज्या वाचकांना हा व्यवसाय नवा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. मोबाईलवर किंवा संगणकावर आपली मुले जे खेळ खेळतात, त्यातील प्रत्येक झाड, दगड, राक्षस, इतकेच काय पण दाबायचे प्रत्येक बटणसुद्धा कोणीतरी बसून काढलेले असते. १९९० साली विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ आला. पुढे आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि बँकांत संगणक आले, तेव्हा कित्येक साहेबांचा माऊस धरण्याचा सराव त्याच खेळावर झाला. विंडोजमधले ते पत्ते सुझन केअर या अमेरिकन चित्रकर्तीने काढले होते. मारिओ हा मिशीवाला गडी १९८१ साली जपानच्या शिगेरू मियामोतो यांनी तयार केला. त्या काळी पडद्यावर ठिपके इतके थोडे मिळत की नीट तोंड काढायला जागा नव्हती. म्हणून त्याला मिशी दिली, आणि केसांची भानगड नको म्हणून टोपी घातली. अगदी जवळचे उदाहरण द्यायचे तर २०२० मध्ये आलेला ‘राजी’ हा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने तयार केला आणि त्यातल्या रंगकामासाठी आपल्या पहाडी चित्रशैलीचा आधार घेतला. तेव्हा ‘गेमची चित्रे’ हे केवळ पोराचे खूळ आहे, असे पालकांनी समजू नये. या बाबतीत मी मुलांच्या बाजूचा आहे. माझी तक्रार आहे ती खरेदीच्या क्रमाबद्दल.

एक उदाहरण सांगतो. एस.टी.त वाहक असलेले एक गृहस्थ मागच्या पावसाळ्यात मुलीला घेऊन आले. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, इंटरमिजिएट ड्रॉइंगला ‘अ’ श्रेणी मिळवलेली. डाव्या हाताचा अंगठा मुळाशी दुखत होता, पातेले उचलता येत नव्हते. चित्रे ती उजव्या हाताने काढायची, मोबाईलवर, बोटाने. मग दुखणे डाव्या हाताला कसे? कारण रोज रात्री तीन-चार तास तो मोबाईल डाव्या हाताने, अंगठा ताणून धरून ठेवलेला असायचा. अंगठा मुठीत धरायला सांगून मनगट हळूच करंगळीच्या बाजूला वाकवले, तर ती कळवळली. याला आम्ही ‘डी क्वेर्व्हेन’चे दुखणे म्हणतो. १८९५ साली त्याचे वर्णन करणाऱ्या स्विस शल्यविशारदाचे हे नाव आहे. अंगठा बाहेर ओढणारे दोन स्नायुबंध मनगटापाशी एका अरुंद बोगद्यातून जातात. तो बोगदा जाड झाला की बंध आत अडखळतात, आणि दुखू लागते.

तिच्या वडिलांकडच्या कोटेशनवर एक ‘गेमिंग’ लॅपटॉप होता, सोळा इंची पडद्यावरच चित्र काढायचे यंत्र होते आणि वर्षाच्या भाड्याने मिळणारे सॉफ्टवेअर होते. बेरीज एक लाख चाळीस हजारांच्या घरात. पतसंस्थेत कर्जाचा अर्जही भरून झाला होता. मी विचारले, “हे सगळे ठेवणार कुठे? ती बसणार कशावर?” बापलेक एकमेकांकडे पाहू लागले. घरात टेबल नव्हते. मुलगी कॉटवर भिंतीला टेकून, गुडघ्यावर मोबाईल ठेवून काम करायची, आणि एक लाख चाळीस हजारांचे सामानही त्याच कॉटवर जाणार होते.

हे दुखणे काही संगणकाने आणलेले नाही. बर्नार्दिनो रामाझिनी नावाचा एक इटालियन वैद्य होऊन गेला. कोणत्या धंद्याने कोणता रोग होतो, यावर त्याने १७०० साली पुस्तक लिहिले. त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत त्याने कारकून-लेखनिकांची दुखणी सांगितली आहेत. त्याने तीन कारणे दिली: सतत बसून राहणे, हात एकाच दिशेने सारखा हलत राहणे, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तीनशे वर्षे झाली. पिसाच्या लेखणीच्या जागी प्लास्टिकचे पेन आले आहे, पण त्या यादीत मला एकाही कारणाची भर घालता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. संगणकावर हाताने चित्र काढायची साधने तीन तऱ्हेची आहेत. पहिले म्हणजे पेन टॅब्लेट. (टॅब्लेट म्हटले की आमच्या धंद्यात गोळी, म्हणून मी याला पाटीच म्हणतो.) ही काळी सपाट पाटी संगणकाला जोडायची. तिच्यावर पेन फिरवले की रेघ समोरच्या पडद्यावर उमटते, पाटीवर स्वतःवर काहीच दिसत नाही. दुसऱ्या तऱ्हेत पाटी हाच पडदा असतो, म्हणजे जिथे पेन टेकवाल तिथेच चित्र दिसते. तिसरे म्हणजे आयपॅडसारखे, संगणकाशिवाय आपल्या पायावर उभे असलेले यंत्र.

दुकानदार, आणि मुलांचे मित्रही, पहिल्याला ‘शिकाऊ’ आणि दुसऱ्याला ‘खरे’ समजतात. दोहोंच्या किमतीत चौपट-पाचपट फरक सहज पडतो. डॉक्टर म्हणून माझे मत नेमके उलट आहे. बिनपडद्याची पाटी टेबलावर असते, डोळे समोर असतात, मान सरळ राहते. पडद्याच्या पाटीवर काम करणारा तिच्यावर ओणवा होतो. आपले डोके साडेचार-पाच किलोंचे असते. मान ताठ असेपर्यंत ते वजन मणके झेलतात. मान पुढे झुकली की तेच वजन मानेमागच्या स्नायूंना धरून ठेवावे लागते, आणि झुकाव वाढेल तसा भार कित्येक पटींनी वाढतो. पाण्याची भरलेली कळशी छातीशी धरणे आणि हात लांब करून धरणे, यात जो फरक आहे तोच हा. दिवसातून सहा तास कळशी हात लांब करून धरायची असेल, तर तिच्यासाठी साठ-सत्तर हजार रुपये का मोजावेत?

यावर मुले म्हणतात, “पण डॉक्टर, हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे, हे जमत नाही.” जमते. पहिले चार-पाच दिवस रेघ वाकडीतिकडी जाते, चिडचिड होते, दोन-तीन आठवड्यांत हात आणि डोळा यांचा मेळ बसतो. माऊस चालवताना तरी आपण कुठे हाताकडे पाहतो? महिनाभर रोज सराव करूनही जमलेच नाही, तर पडद्याची पाटी जरूर घ्यावी, पण ती उभी कलती ठेवणाऱ्या मजबूत स्टँडसह घ्यावी. मोठ्या स्टुडिओंतले कलाकार तसली पाटी वापरतात हे खरे आहे. ते ती पुस्तकाच्या घोडीवर ठेवल्यासारखी कलती ठेवतात. आपल्याकडे ती टेबलावर सपाट पडलेली असते आणि वर पोर. आयपॅडचेही तेच. यंत्र उत्तम आहे, त्यावरचे ‘प्रोक्रिएट’ हे सॉफ्टवेअर एकदाच पैसे भरून मिळते आणि फार चांगले आहे. पण ते मांडीवर घेऊन पलंगावर बसायचे असेल, तर माझी फी आतापासूनच बाजूला काढून ठेवावी.

पाटी घेताना आकाराकडे पाहा. लहान पाटीची रेघ काढायची जागा साधारण १५ सेंटिमीटर बाय साडेनऊ सेंटिमीटर असते, मध्यम पाटीची २१-२२ बाय साडेतेरा. पाटी कोणतीही असो, तिचा एक कोपरा म्हणजे पडद्याचा एक कोपरा. म्हणजे मोठा पडदा आणि लहान पाटी असेल, तर हाताच्या बारीकशा हालचालीची पडद्यावर लांब रेघ होते. मग नेमकेपणासाठी मुलगा बोटे आवळून, फक्त मनगटातून काम करतो. आमच्या चौकातले एक जुने बोर्ड पेंटर होते. फलक रंगवताना हाताखाली काठी धरायचे आणि रेघ ओढायची ती खांद्यातून. सत्तरीपर्यंत त्यांच्या मनगटाची तक्रार नव्हती, गुडघ्यांची होती, पण ती शिडीमुळे. मोठी रंगवलेली दृश्ये करायची असतील तर मध्यम पाटी घ्या. खिशाला झेपत नसेल तर लहान चालेल, तिचा खर्च पाच हजारांच्या आत भागतो.

पेन बिनसेलचे असावे. पाटीतून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींवर ते चालते. हे तंत्र जपानच्या वाकोम कंपनीने रुळवले. आता हुइऑन, एक्सपी-पेन अशा चिनी कंपन्यांची स्वस्त पेनेही बहुतेक याच जातीची असतात. सेल नसला की पेन हलके राहते, आणि हलके पेन बोटांना कमी आवळावे लागते. डब्यावर दाबाच्या पातळ्या ८१९२ की १६३८४ असे लिहिलेले असते. त्या आकड्यापायी जादा पैसे घालवू नका.

त्यापेक्षा एक फुकटची गोष्ट करा. प्रत्येक पाटीबरोबर मिळणाऱ्या प्रणालीत पेनाचा दाब कमी-जास्त करायची सोय असते. तो ‘मऊ’कडे सरकवा, म्हणजे हलक्या हातानेही जाड रेघ उमटेल. नवशिकी मुले दगडावर टाकी चालवावी तशी पेन दाबतात. मनगटाच्या निम्म्या तक्रारी या एका सेटिंगने कमी होतील असे माझे अनुभवाचे मत आहे, आणि हे औषध मी चिठ्ठीवर लिहूनही देतो. केमिस्ट ती चिठ्ठी पाहून चक्रावतो, तो भाग वेगळा.

डावखुऱ्या मुलांसाठी एक खास सूचना. बहुतेक पाट्या उलट फिरवून प्रणालीत ‘डावखुरा’ हा पर्याय निवडता येतो. माझ्याकडे आलेल्या एका बावीस वर्षांच्या डावखुऱ्या मुलाला हे कोणी सांगितलेच नव्हते. घरी बसून बाहेरच्या एका कंपनीसाठी तो दिवसाचे दहा-बारा तास खेळांतली घरे आणि गाड्या तयार करायचा. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट बधिर व्हायला लागले. डावा हात म्हटल्यावर आई घाबरली आणि तडक ई.सी.जी.साठी घेऊन आली. ई.सी.जी. स्वच्छ होता. दोष कोपरात होता. लॅपटॉपपुढे पाटी, पाटीपुढे टेबलाची जेमतेम चार बोटे जागा, आणि त्या लाकडाच्या धारदार काठावर कोपर टेकलेले. तिथून जाणारी नस, जी चुकून आपटली की झिणझिण्या येतात तीच, महिनोन् महिने दबत राहिली होती. पकड ढिली झाली होती, त्यामुळे मी त्याला अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले. हात सुधारला, पण चार महिने काम बंद ठेवावे लागले. लॅपटॉपचे हप्ते बंद नव्हते.

आता संगणकाकडे वळू. ‘गेमिंग’ असे लिहिलेला लॅपटॉप खेळणाऱ्यासाठी केलेला असतो, काढणाऱ्यासाठी नव्हे, हा फरक दुकानात कोणी सांगत नाही. सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा पडदा, रंगीत दिवे लागणारा कीबोर्ड, यांचा चित्रकाराला काही उपयोग नाही. त्याला खरे रंग दाखवणारा पडदा हवा. आयपीएस जातीचा पडदा घ्यावा, तो बाजूने पाहिला तरी रंग बदलत नाहीत. मेमरी ८ जीबीवर काम रडतखडत चालते, १६ असावी. साठवण एसएसडीवर असावी. वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते ते त्रिमिती काम करणाऱ्याला, सपाट चित्रे काढणाऱ्याला त्यावाचून अडत नाही. आणि शक्य असेल तर लॅपटॉप नकोच, टेबलावरचा संगणक घ्या. त्याचा पडदा वेगळा, कीबोर्ड वेगळा, प्रत्येक गोष्ट शरीराच्या मापाने ठेवता येते. बिघडला तर एक भाग बदलता येतो, पुढे मेमरी वाढवता येते. लॅपटॉपमध्ये कीबोर्ड हाताशी आणला की पडदा खाली जातो, पडदा डोळ्यांसमोर आणला की हात वर जातात. लॅपटॉप आधीच घरात असेल तर तो चार जाड पुस्तकांवर चढवा आणि दोन-चारशे रुपयांचा सुटा कीबोर्ड-माऊस जोडा. आपल्याकडची वीज लक्षात घेऊन यूपीएस आणि नीट अर्थिंग यांचे पैसे त्याच हिशेबात धरा. सहा तासांचे चित्र एका झटक्यात गेले की मुलगा पुढचे सहा तास न उठता ते परत करत बसतो, हे मी पाहिले आहे.

खुर्चीसाठी मात्र हात आखडता घेऊ नका. हजारो रुपयांची फिरती खुर्चीच पाहिजे असे नाही. कमरेला आधार हवा, कोपर काटकोनात आले पाहिजे, खांदे कानांकडे चढलेले नसावेत, पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. आपली टेबले बहुधा अडीच फूट उंच असतात. पाच फूट उंचीच्या मुलीला ती उंच पडतात. मग खुर्चीवर उशी आणि पायाखाली पाट, किंवा सुताराला बोलावून टेबलाचे पाय दोन इंच कापून घ्यावेत. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि अंतर हातभर. टेबल खोल असावे, म्हणजे कोपरापर्यंतचा हात त्यावर विसावेल. काठ टोचत असेल तर जुना टॉवेल घडी करून ठेवा. खिडकी बाजूला हवी, पाठीमागे नको. खोलीतला दिवा घालवून अंधारात काम करण्याची जी फॅशन आहे, ती सोडून द्या.

त्या वाहकांच्या घरी शेवटी हाच क्रम ठरला. आधी सुतार आला, मग खुर्ची, मग एका बंद पडलेल्या कचेरीतून आलेला जुना पण धडका संगणक, नवा पडदा आणि मध्यम पाटी. एकूण खर्च कोटेशनच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा थोडा अधिक झाला. पतसंस्थेचा अर्ज त्यांनी परत घेतला. अंगठ्याला पट्टी बांधून आणि मोबाईलवरची चित्रे बंद करून दीड महिन्यात तिचे दुखणे थांबले.

डोळ्यांबद्दल पालक हमखास विचारतात तो निळ्या काचांचा चष्मा. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने या विषयावरचे प्रयोग एकत्र तपासले. पडद्यासमोर बसणाऱ्यांच्या डोळ्यांचा शीण या काचांनी कमी होतो असे काही त्यात दिसले नाही. डोळे चुरचुरतात ते बहुधा पापण्या न मिटल्याने. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. एकाग्र होऊन पडद्याकडे पाहताना ते प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते आणि डोळा कोरडा पडतो. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांबचे काहीतरी वीस सेकंद पाहा. समोरच्या घराची कौले मोजली तरी चालेल. चष्म्याचा नंबर तपासून घ्या. बारीक नंबराने डोके दुखते आणि दोष संगणकाला जातो. शाळकरी मुलांनी दिवसातून दोन तास उघड्यावर, उन्हाच्या उजेडात घालवले तर लांबचा नंबर लागण्याचा संभव कमी होतो, हे आता चांगले सिद्ध झाले आहे.

आणखी एक तपासणी कोणी करत नाही, ती खरेदीच्या आधी करावी. ती रंगांधळेपणाची. लाल-हिरव्यातला फरक कमी कळणे हा दोष मुलग्यांत अधिक असतो आणि तो आईकडून येतो. आईला स्वतःला बहुधा काही जाणवत नाही. इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली तयार केलेली ठिपक्यांची चित्रे दाखवून पाच मिनिटांत तो कळतो. दोष निघाला म्हणजे चित्रकला सोडायची असे मुळीच नाही. अशा मुलाचा हात रेषेत, छायाप्रकाशात, त्रिमिती आकारात उत्तम चालू शकतो. पण ‘शंभर टक्के रंग’ दाखवणाऱ्या महागड्या पडद्यावर पैसे घालण्याआधी त्याला हे ठाऊक असावे.

सॉफ्टवेअरबद्दल मी डॉक्टर म्हणून कमी आणि खर्च वाचवणारा माणूस म्हणून जास्त बोलतो. रंगवण्यासाठी ‘क्रिटा’ हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे, आणि चोरून नव्हे, रीतसर. काही ऑनलाइन दुकानांत तेच विकत दिसते. ते पैसे म्हणजे करणाऱ्यांना मदत. त्यांच्या स्वतःच्या साइटवर ते फुकट मिळते. त्रिमिती कामासाठी ‘ब्लेंडर’. २००२ साली टॉन रोझेंडाल या डच गृहस्थाने लोकवर्गणीतून एक लाख युरो सात आठवड्यांत जमवले आणि ते सर्वांसाठी खुले केले. ‘फ्लो’ हा मांजराचा चित्रपट ब्लेंडरवर केलेला आहे आणि त्याला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले. ब्लेंडरसाठी मधले बटण असलेला माऊस घ्या. लॅपटॉपच्या टचपॅडवर ते काम करणाऱ्यांची बोटे मी पाहिली आहेत.

ठिपक्या-ठिपक्यांची, जुन्या खेळांच्या वळणाची चित्रे करायची असतील तर ‘लिब्रेस्प्राइट’ किंवा ‘पिस्केल’ फुकट आहेत. त्याला पाटीसुद्धा लागत नाही, माऊस पुरतो. सोळा बाय सोळाचे एक चित्र म्हणजे २५६ चौकोन. सुरुवात गणिताच्या चौकटीच्या वहीवर रंगीत पेन्सिलींनी करता येते. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून २०१६ मध्ये बाहेर आणला. त्याची चित्रे त्याने पेंट.नेट या फुकटच्या साध्या सॉफ्टवेअरवर काढली. म्हणून कोणी फोटोशॉपचे वार्षिक भाडे ‘लागतेच’ म्हणाले तर विचारा, कशाला लागते? नोकरी लागल्यावर ते कंपनी देते, आणि क्रिटावर शिकलेला हात तिथे काही आठवड्यांत रुळतो. ‘क्रॅक’ करून दिलेल्या प्रती घेऊ नका. लेबल खरवडलेल्या बाटलीतले औषध तुम्ही पिणार नाही, तसेच हे.

“आता तर चित्र यंत्रच काढून देते, मग शिकायचे कशाला?” असेही काही वडील विचारतात. यंत्राने दिलेल्या चित्रात हाताला सहा बोटे आली आहेत की खांदा उखडला आहे, हे ज्याला हात काढता येतो त्यालाच आधी दिसते. शरीररचना मी मढ्यावर शिकलो, तुमच्या मुलाने ती बाजारात बसून माणसे पाहत शिकावी. त्याला साधी वही आणि पेन्सिल लागते.

कामाचा वेळ पाऊण तासाचा ठेवा आणि मग उठा. उठा म्हणजे खरोखर उठा, पाणी आणायला जा. त्याच खुर्चीत बसून मोबाईल पाहणे ही विश्रांती नव्हे. दुखायला लागल्यावर केमिस्टकडून गोळी आणून काम चालू ठेवणे, ही या मुलांची सर्वांत वाईट सवय आहे. गोळीने दुखणे दबते, ते करणारे कारण तसेच चालू राहते, आणि रिकाम्या पोटी घेतलेल्या या गोळ्यांनी जठराला जखमा होतात त्या निराळ्या. साधे ठणकणे दोन आठवडे काम थांबवून कमी झाले नाही तर दाखवा. रात्री झोपेतून उठवणाऱ्या मुंग्या, हात झटकल्यावरच बरे वाटणे, हातून कप निसटणे, गुंड्या लावताना अडखळणे, यांपैकी काहीही असेल तर आठवडाभरही थांबू नका. पहिल्या तीन बोटांच्या मुंग्यांमागे कधी थायरॉइड किंवा मधुमेहही निघतो, तो रक्त तपासूनच कळतो. येताना पाटी आणि पेन बरोबर आणा. ते तुम्ही कसे धरता, हे मला आधी पाहायचे असते.